जुना चर बुजवू नये

मित्रांनो, मी रस्त्याच्या कडेचा एक जुना चर आहे. चर म्हणजे काय हे तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. रस्त्यालगत जमिनीत लांबलचक, खोलगट रेघ ओढलेली असते, तो मी. नदीला नाव असतं, माझ्याकडे मात्र एखाद्याचं सायकलचं चाक माझ्यात गेलं तरच लक्ष जातं, आणि तेव्हा जे शब्द कानावर येतात ते इथे सांगण्यासारखे नाहीत. माझी लांबी दोनशे ऐंशी पावलं. वरच्या टोकाला एक बंद पडलेली रोपवाटिका, खालच्या टोकाला तळं, आणि तळ्याच्या जरा अलीकडे, अगदी माझ्या काठाला खेटून, एक बैठं घर.

स्वभावाने मी चौकस. भोचक म्हटलंत तरी मला राग नाही. चोवीस तास आडवं पडून राहायचं, दिसायचे ते फक्त जोड्यांचे तळवे आणि गाड्यांची चाकं, मग चौकशी करायची नाही तर करायचं काय? त्यात गंमत अशी की माणसं चालता चालता बोलतात. वाक्याचा अर्धा भाग माझ्या वाट्याला येतो आणि उरलेला त्यांच्याबरोबर पुढे जातो. "मग डॉक्टर म्हणाले की..." एवढंच ऐकू येतं. काय म्हणाले डॉक्टर? चौदा वर्षं झाली, अजून मला कळलेलं नाही.

मला खणलं एका मुकादमाने. तेव्हा तो तरुण होता आणि रस्त्याच्या टोळीवर नवाच नेमला होता. हाताखाली सहा माणसं, एक दोरी, चुन्याची पावडर आणि पाणी भरलेली एक लांब पारदर्शक नळी. ती नळी मला फार आवडायची. एक टोक इकडे धरायचं, दुसरं तिकडे, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं, की जमीन कुठे उतरते आणि कुठे चढते ते लगेच कळतं. मुकादमाने मला दहा पावलांना चार बोटं एवढाच उतार दिला. जास्त नाही, कमी नाही. मग अंगावर गवताच्या लाद्या बसवल्या.

टोळीतला एक जण म्हणाला, "मुकादम, सिमेंट मारा की सरळ. काम पक्कं होईल, पाणी सटासट जाईल."

मुकादम म्हणाला, "अरे, पाणी म्हणजे पाहुणा. आल्या आल्या त्याला हाकलायचं नसतं. बसायला द्यायचं, दोन घोट जमिनीला पाजू द्यायचे, मग हळूच निरोप द्यायचा. मुक्काम तेवढा करू द्यायचा नाही."

हीच माझी नोकरी. पाऊस पडला की वरच्या उतारावरचं पाणी माझ्यात उतरायचं, गवतात अडखळायचं, गाळ खाली ठेवायचं, थोडं जमिनीत मुरायचं आणि उरलेलं सावकाश तळ्यात जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी कोरडा. कितीतरी वर्षं मी हे काम केलं. एकदा वरच्या कचेरीतले कोणी मोठे साहेब गाडीतून उतरले, माझ्याकडे बघून "चांगला आहे" म्हणाले आणि परत गाडीत बसले. माझं एकूण कौतुक ते एवढंच. पाणी तुंबलं तर शिव्या, वाहून गेलं तर कोणाला आठवण? पण खरं सांगू का, मला वाईट वाटायचं नाही. माझं डोकं दुसरीकडेच असायचं. ही समोरची घरं आतून कशी असतात, हे मला जाणून घ्यायचं होतं. छप्पर म्हणजे काय, दार लावून घेतल्यावर आत काय चालतं, याचा मी दिवसभर विचार करायचो. आपण घर असतो तर, असंही मनात यायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसं.

त्यातल्या त्यात एक घर माझ्या ओळखीचं होतं. काठावरचं ते बैठं घर शिवणताईंचं. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे, सगळं त्या शिवायच्या. त्यांच्या घराचा उंबरा माझ्या काठापेक्षा जेमतेम वीतभर उंच. दार उघडं टाकून त्या पायमशीन चालवायच्या आणि त्या खडखडाटावर मला दिवस कळायचा. माझ्यात त्यांनी कधी कचरा टाकला नाही. दोऱ्याचे तुकडे उडून यायचे, ते चिमण्या घेऊन जायच्या.

मुकादम निवृत्त झाला तरी रोज सकाळी माझ्या काठाने चालायचा. शिवणताई आतून ओरडायच्या, "काय मुकादमभाऊ, लेकरू ठीक आहे ना?" तो म्हणायचा, "ठीक आहे, जरा गवत वाढलंय." मग कमरेचा छोटा विळा काढून दहा पावलांचं गवत कापायचा. बापाने पोराचे केस कापावेत तसं.

आणि मग, मित्रांनो, वसाहत आली.

रोपवाटिकेच्या उतारावर चाळीस बंगले व्हायचे ठरले. बांधणाऱ्या शेठना आमच्या रस्त्यावर 'हिरवेशेठ' नाव पडलं, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'हिरवं' असायचं. हिरवं वातावरण, हिरवा श्वास, हिरवी जीवनशैली. फलकावर लिहिलं होतं, 'गावाचा गोडवा, शहराच्या सोयी'. ते वाचून मला मोठं कुतूहल वाटलं. गावाचा गोडवा म्हणजे नेमकं काय, आणि तो आमच्याकडे होता तर मला इतकी वर्षं कसा दिसला नाही?

परवानगीआधी कचेरीतले अभियंता साहेब जागा बघायला आले. मुकादम होता, शिवणताई होत्या. मुकादमाने सरळ विचारलं, "साहेब, चाळीस छपरं आणि चाळीस फरशीची अंगणं होणार. जे पाणी आज माती पिते, ते उद्या सगळं खाली येईल. चर राहणार ना?"

साहेब शहाणा माणूस. त्यांनी सगळीकडे चालून पाहिलं आणि वहीत अट लिहिली: 'जुना चर बुजवू नये.' माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल कोणी चार शब्द कागदावर लिहिण्याची ही पहिलीच वेळ. मी इतका फुललो की विचारू नका.

पण साहेबांचं अक्षर! कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावर सोडावं तसं. ती वही कचेरीत गेली आणि परवानगीचं पत्र टाइप करायला आलं मुकादमाच्याच सूनबाईकडे. ती तिथे तात्पुरती लागली होती, कायम होण्याचा हुकूम अजून यायचा होता, म्हणून मान वर न करता काम करायची. पुढे तिनेच माझ्या काठावर उभं राहून हे सारं सांगितलं, म्हणून मला माहीत. तिला 'चर' हा शब्द 'घर' असा दिसला. 'घर बुजवू नये.' ती हसली. घर कुठे कोणी बुजवतं का? साहेब घाईत चुकले असतील. मग त्या गुणी मुलीने काय करावं? तिने साहेबांची चूक सुधारली. 'जुना'चं 'जुने' केलं, 'बुजवू'चं 'पाडू' केलं आणि छान, शुद्ध, निर्दोष मराठीत लिहिलं: 'जुने घर पाडू नये.' पाच जणांनी ते वाचलं, पाच जणांनी सह्या ठोकल्या. लोक 'ध चा मा' म्हणतात. इथे 'च चा घ' झाला.

झालं! हिरवेशेठची माणसं जुनं घर शोधत हिंडू लागली. उतारावर घर होतं कुठे? होती फक्त रोपवाटिकेची मोटर ठेवायची खोली, चार हात बाय चार हात, पत्रा उडालेली. पर्यवेक्षक पत्र हातात धरून म्हणाला, "हेच असणार." मग तिला गिलावा केला, वर कौलं चढवली, दाराशी कंदील टांगला, बाजूला एक मोडकं लाकडी चाक टेकवलं आणि पाटी लावली, 'आमचं जुनं घर'. बंगले बघायला येणारी मंडळी तिथे उभी राहून फोटो काढायची. "किती गावाकडचं वाटतं ना!" असं म्हणायची. आत अजून मोटरच्या तेलाचा वास येत होता, पण फोटोत वास कुठे येतो?

बंगले उभे राहिले, राहायला माणसं आली, आणि फाटकांपुढे सपाट रस्ता हवा म्हणून मला बुजवलं. माझ्याबद्दल पत्रात अक्षरही नव्हतं, मग त्यांनी तरी काय करावं? नेमका त्याच सुमारास मुकादम मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरात डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसला होता. दोन डंपर मुरूम आला, वरून रोलर फिरला. माझ्या पोटातून त्यांनी वीतभर तोंडाचा एक पाइप नेला आणि त्याचं दुसरं टोक शिवणताईंच्या घराजवळ सोडून दिलं. कानामागून आला आणि तिखट झाला, तो हा पाइप. मातीखालून मला आवाज ऐकू यायचे, पण घोगरे, रजईतून आल्यासारखे. मी घाबरलो होतो का? हो, फार. दिसत काहीच नव्हतं; या दिवसांतलं डोळ्यांनी बघायचं सगळं मला पुढे सूनबाईनेच सांगितलं. चालता चालता बोललेलं काही कळेना, अगदी माझ्यावर उभं राहून कोणी बोललं तरच शब्द लागायचे.

डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी मुकादम आला. माझ्या वर उभा राहून मलाच शोधत होता. "डोळे नीट झाले आणि चर दिसेना!" तो ओरडला. पर्यवेक्षकाने त्याला पत्र दाखवलं. "काका, आम्ही अट शब्दशः पाळली आहे. ते बघा घर, कंदीलसुद्धा लावलाय." मुकादमाने पत्र दोनदा वाचलं. खाली टाइप करणारीची आद्याक्षरं होती. तो पत्र परत देऊन निघून गेला. त्याची पावलं मी ओळखतो, त्या दिवशी ती जड होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सासरा-सून दोघंही आली. सून म्हणाली, "बाबा, मी मूळ वही काढून बघितली. 'चर'च आहे. मीच घर केलं. आता हे सांगितलं तर माझा कायमचा हुकूम गेलाच समजा."

मुकादम म्हणाला, "मी कोणाला सांगणार नाही. चूक तुझी आहे, तेव्हा तोंडही तुझंच उघडायला हवं. पण पाऊस काही तुझ्या हुकमासाठी थांबणार नाही, पोरी."

ती रडली. थेंब मातीत मुरून माझ्यापर्यंत आले. मी इतकं पाणी प्यालो आहे, पण खारट पाणी मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि ती गप्पच राहिली. एक आठवडा, दोन आठवडे. मला तिचा राग यायला हवा होता, पण मला आपला एकच प्रश्न पडायचा: तिला रात्री झोप येत असेल का?

मग एका दुपारी जोराचा पाऊस झाला. पाऊस काही जगावेगळा नव्हता, असे मी पन्नास पचवले आहेत. पण चाळीस छपरांचं आणि अंगणांचं पाणी एकदमच खाली धावलं. पाइपच्या तोंडात गिलाव्याचे तुकडे आणि पाला अडकला. वरचं पाणी रस्त्यावरून आलं, आतलं पाइपमधून उसळून आलं आणि दोन्ही मिळून शिवणताईंच्या उंबऱ्यावरून आत गेली. मी खाली दाबलेला, अंगात ताकद असून हात बांधलेला. मला वरून धप्प धप्प पावलं ऐकू आली. मुकादम आणि सूनबाई धावत होती. त्यांनी मशीन उचलून पलंगावर ठेवलं. शाळेचे साठ गणवेश पिवळ्या पाण्यात तरंगत होते.

शिवणताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी या दाराला कधी फळी लावली नाही. आता नाही बाई राहवत इथे. पावसाळा संपेपर्यंत बहिणीकडे जाते, आणि नंतर... नंतर बघू. त्या शेठच्या माणसाने मागे विचारलंच होतं, हे घर देता का म्हणून." मग सूनबाईचे ओले हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू मात्र गुणाची ग, स्वतःचं काम टाकून धावत आलीस."

त्या शब्दांनी सूनबाईचं जे झालं ते माराने झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणी ठरली. अभियंता साहेब आले, हिरवेशेठ आले, बंगल्यांतली माणसं आली. त्यांच्यात सगळ्यांत पुढे होत्या पहिल्या बंगल्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. हिरवेशेठ म्हणाले, "अटीप्रमाणे सगळं केलंय. निसर्गापुढे कोणाचं चालतं?"

तेवढ्यात सूनबाई पुढे झाली. छातीशी मूळ वही धरलेली. "अट चुकीची टाइप झाली आहे," ती म्हणाली. "साहेबांनी 'चर' लिहिलं होतं, मी 'घर' केलं. नुसतं वाचण्यात चुकले नाही, शहाणपणा करून पुढचं वाक्यही बदललं. आणि हे मला दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. माझ्या हुकमासाठी मी गप्प बसले. काल शिवणताईंच्या घरात शिरलं ते पाणी माझ्यामुळे."

शिवणताईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मुख्याध्यापिकांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि साहेबांकडे बघितलं.

"हे तुमचं अक्षर?"

"हो," साहेब पुटपुटले.

"हा 'च' आहे? पाचवीतल्या मुलाने असा 'च' काढला असता तर मी पान भरून लिहायला लावलं असतं." मग त्या सूनबाईकडे वळल्या. "आणि तू. न समजलेला शब्द विचारायचा असतो, सुधारायचा नसतो. पण आज उभी राहिलीस, हे बरं केलंस." पुढच्याच दमात म्हणाल्या, "तरीपण चर मला चालायचा नाही. डास होतील, म्हातारी माणसं पडतील, आणि माझी गाडी काय उडत दारात जाणार?"

आता मुकादम पुढे आला. म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर आहे. जुना चर तुमच्यासाठी नव्हता. आता रुंद करू, उथळ करू, कडा इतक्या निवांत ठेवू की माणूस आत उतरून पलीकडे सहज निघेल. प्रत्येक फाटकापुढे दगडी फरशी टाकू. डासाची अंडी फुटून डास उडायला आठवडा लागतो. माझ्या चरात पाणी एक दिवसाच्या वर थांबलं तर मला बोलवा, मी स्वतः बुजवतो." मग तो हिरवेशेठकडे वळला. "शेठ, तुम्ही गावाचा गोडवा विकला ना? कंदिलात नसतो तो. आणि सूनबाईने चुकून लिहिलेलं तेही काही खोटं नाही. चर राहिला तर या ताईंचं जुनं घर राहील. दोन्ही अटी एकच आहेत."

हिरवेशेठनी कंदिलाकडे बघितलं, मग सगळ्यांच्या तोंडांकडे, आणि खोकले. साहेबांनी तिथल्या तिथे नवी अट लिहिली. या खेपेला प्रत्येक अक्षर सुटं सुटं, आणि लिहून झाल्यावर मुख्याध्यापिकांना तपासायला दिली.

मला पुन्हा उघडलं तेव्हा आधी उजेड बोचला. नंतर आवाज स्वच्छ झाले. मुकादमाने पाण्याची नळी काढली, पण पहिल्यासारखं वाकून पाण्याची रेघ बघणं त्याला जमेना. दुसरं टोक धरलं होतं सूनबाईने. "चार बोटं," तो म्हणाला. "कोणाची? तुमची की माझी?" तिने विचारलं. तो हसला. "आता तुझी. पुढे तुलाच बघायचंय." म्हणून मित्रांनो, मी आता पूर्वीपेक्षा जरासा सपाट आहे. तिची बोटं बारीक आहेत.

तिचा हुकूम एक वर्ष पुढे गेला. चूक कबूल केली म्हणून माफी मिळते असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. तिला ते लागलं, फार लागलं, आणि शिवणताईही तिच्याशी बोलत नव्हत्या. त्यांचं गाठोडं बांधलेलं तसंच होतं. बहिणीचा निरोप आला होता, जायचा दिवसही ठरला होता.

त्याच दिवशी दुपारी पाऊस आला. पाणी माझ्यात उतरलं, कोवळ्या गवतात अडखळलं, पसरलं, बसलं. मी श्वास रोखून धरला. मुख्याध्यापिका छत्री घेऊन फाटकात उभ्या, हातात घड्याळ आणि वही. सूनबाई कचेरीतून भिजत आली आणि शिवणताईंच्या दारापाशी, पण बाहेरच, उभी राहिली. शिवणताईंनी वाकून उंबऱ्यावर हात फिरवला. मग तळहात उलटा करून पाहिला. कोरडा होता.

त्या आत गेल्या. मग त्यांनी आतूनच हाक मारली, "अगं, बाहेर काय भिजतेस? आत ये. या गाठोड्याची गाठ फार घट्ट बसलीय, मला एकटीला सुटत नाही."

नंतर आत काय बोलणं झालं, ते मला कळलं नाही. दार लावून घेतलं होतं त्यांनी. थोड्या वेळाने मशीनचा खडखडाट सुरू झाला.

मित्रांनो, तुमच्याही दारावरून असा एखादा चर जात असेल. त्यात प्लास्टिक टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या काठाने चालत जा. कंटाळा आला तरी मध्ये वळू नका, शेवटपर्यंत जा. तुमच्या छपरावरून गेलेलं पाणी जिथे पोचतं, तिथे कुणाचं तरी दार असेल. ते वाजवा आणि विचारा, "तुमचा उंबरा कोरडा आहे ना?"